पौलाचा झगा

तळेगाव (श्यामजी पंत) येथे नागपूर-अमरावती रस्त्यालगत चहा घेताना बायबलचा विषय निघाला, की दोन आक्षेप हमखास कानी येतात. पहिला असा : ‘तुमची पुस्तके रोमच्या बादशहाने निवडली.’ दुसरा असा : ‘माणसांनी लिहिलेले ते देवाचे कसे?’ आमच्यातले काही भाविक दुसऱ्या आक्षेपाला घाबरून सांगतात, की देवाने अक्षर न् अक्षर सांगितले आणि लेखकाने ते केवळ उतरवून घेतले. मला हे दोन्ही आक्षेप आणि हा बचाव, तिन्ही चुकीचे वाटतात.

आधी बादशहाचे पाहू. कॉन्स्टंटाइनने 325 साली निकेयाची परिषद बोलावली, हे खरे. पण तिच्या वीस नियमांत पुस्तकांची यादी कुठेच नाही. नव्या कराराच्या नेमक्या सत्तावीस पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने 367 सालच्या पत्रात दिली. पुढे हिप्पो (393) आणि कार्थेज (397) येथील सभांनी यादी मान्य केली. त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या शतकाच्या मध्यात, रविवारच्या उपासनेत प्रेषितांच्या आठवणी वाचल्या जात असल्याचे जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवले आहे. म्हणजे वाचन आधी, यादी नंतर. प्रकटीकरणासारख्या पुस्तकांवर दीर्घकाळ वाद झाला, हे मी लपवत नाही. पण बादशहाच्या हुकमाने काम झाले असते, तर एवढा वाद चाललाच नसता. ट्रेंट परिषदेने 1546 मध्ये संपूर्ण बायबलच्या 73 पुस्तकांवर शिक्कामोर्तब केले. मात्र ख्रिस्तसभेच्या मान्यतेमुळे ही पुस्तके पवित्र ठरली, असे कॅथलिक श्रद्धा मानत नाही. 1870 च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने स्वच्छ सांगितले आहे : ती पवित्र आहेत, कारण पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने लिहिली गेली आणि देव त्यांचा कर्ता आहे.

आता अक्षर न् अक्षर सांगितल्याचा दावा. तिमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्रोवसला कार्पाकडे राहिलेला पौलाचा झगा आणायची विनंती आहे. पुस्तके, विशेषतः चर्मपत्रे, तीही आण, असे सांगितले आहे. करिंथकरांना लिहिताना आपण आणखी कोणाला बाप्तिस्मा दिला ते आठवत नाही, असे पौल कबूल करतो. देव विसरतो काय? लूक आरंभीच सांगतो, की त्याने सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेतला. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा कर्ता तर पाच ग्रंथांचे सार एकात आणताना गाळलेल्या घामाबद्दल बोलतो.

असे कष्ट आपल्या मातीला अनोळखी नाहीत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुराशी जोडलेल्या म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या, त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या. दोन्ही परंपरांच्या श्रद्धा वेगळ्या आहेत, त्यांची मी सरमिसळ करत नाही. पण ‘शोधून लिहिले म्हणून पवित्र नाही’ असे रिद्धपुरात कोणी म्हणणार नाही. मग लूकलाच ती अट का?

मग दैवी प्रेरणा म्हणजे काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 18 नोव्हेंबर 1965 रोजी ‘देई वेर्बुम’ या दस्तऐवजात ते मांडले. देवाने माणसे निवडली. त्यांनी आपली बुद्धी, आपले सामर्थ्य वापरून लिहिले, म्हणून ती खरीखुरी लेखक. आणि देव त्यांच्यात, त्यांच्याद्वारे कार्य करत होता, म्हणून आपल्या तारणासाठी त्याला जे सत्य नोंदवायचे होते, ते त्या लेखनात निर्दोष उतरले. एवढे अन् एवढेच लिहिले गेले, जे त्याला हवे होते. शेतात वाटे पडतात तसे इथे अर्धे देवाचे, अर्धे माणसाचे असे काही नाही. सगळेच देवाचे आणि सगळेच माणसाचे.

हे अवघड वाटते त्याने ख्रिस्ताकडे पाहावे. देवाचा शब्द मरियेच्या उदरी देह झाला, शोमरोनातल्या विहिरीवर थकून बसला, तहानेला पाणी मागता झाला. ही श्रद्धा ज्याने स्वीकारली, त्याने पौलाच्या झग्यापाशी अडखळायचे कारण नाही. थंडीच्या आधी ये, असेही त्या पत्रात लिहिले आहे. ती ओळ मी वाचतो, तेव्हा कुडकुडणारा म्हातारा कैदी मला दिसतो. त्याच्याच तोंडून देव माझ्याशी बोलतो, असे मी मानतो.