हजेरी

‘बोनस झाला का?’ दिवाळीच्या तोंडावर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत चहाच्या गाड्यावर दुसरा विषय नसतो. परमनंट माणूस आकडा सांगतो. कंत्राटी पोरगं चहा फुंकत म्हणतं, ‘आमचं ठेकेदाराला ठावं.’

खरं तर ते कायद्यालाही ठाऊक आहे. वर्षात 30 दिवस भरले आणि महिन्याची मजुरी 21,000 रुपयांच्या आत असली, तर किमान 8.33 टक्के बोनस. ठेकेदाराकडचा असला म्हणून कामगाराचा हक्क आटत नाही.

पण या पोरांची खरी गाठ 240 या आकड्याशी आहे. बारा महिन्यांत 240 दिवस सलग भरले की तात्पुरत्याला कायम करायचं, ही महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांतली तरतूद. कामगाराला आधार म्हणून आली आणि त्याच्याच वाटेवरचं कुंपण झाली. सात-आठ महिने झाले की ‘ब्रेक’, म्हणजे 240 भरायच्या आत काही दिवस घरी. सगळेच कारखाने असं करतात असं नाही. पण हा शब्द कागलपासून चाकणपर्यंत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ब्रेकमध्ये नुसता पगार थांबत नाही. ईएसआयचा आजारपणाचा भत्ता मिळायला सहा महिन्यांच्या कालखंडात 78 दिवसांची वर्गणी लागते. तो हिशेबही मध्येच तुटतो. (हा अंक बांधणाऱ्या बाइंडरकडचे हात किती दिवस भरतात, हे मीही कधी विचारलेलं नाही.)

याच कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव 1884 साली दत्तक जाऊन शाहू छत्रपती झाले. 1902 च्या त्यांच्या 50 टक्के राखीव जागांच्या हुकमाची आठवण सगळे काढतात. मला 1918 आठवतं. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जातींच्या माणसांना सरकारदरबारी द्यावी लागणारी हजेरी त्यांनी त्या वर्षी बंद केली. त्या माणसांना हजेरीतून सुटायचं होतं. एमआयडीसीच्या गेटवरच्या पोराला हजेरी हवी आहे, 240 व्या दिवसापर्यंत.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. निश्चित मुदतीच्या करारावरच्या कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी आता पाच वर्षं थांबायला नको, एक वर्ष पुरे. तरतूद चांगलीच आहे. मला धास्ती आहे ती अकराव्या महिन्याची.