पेसमेकरचा संवेदक आणि रुग्णाची सुरक्षितता

ज्याच्या हृदयास आपली लय स्वतः राखता येत नाही, त्यास पेसमेकर हा मोठाच आधार होय. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन यांच्या शरीरात असे यंत्र प्रथमच बसविण्यात आले. ते काही तासांतच बंद पडले. परंतु पुढे वीसहून अधिक पेसमेकरांच्या साहाय्याने लार्सन २००१ सालापर्यंत जगले.

पेसमेकरचे मुख्य काम साधे आहे. हृदयाचा ठोका पडला की तो स्वस्थ राहतो. न पडल्यास तारेवाटे सूक्ष्म विद्युत्-प्रेरणा देतो. जिना चढताना हृदयाने वेग घ्यावा, म्हणून काही यंत्रांत श्वसनाचा संवेदकही असतो. तो छातीतून अतिक्षीण प्रवाह सोडतो. श्वासागणिक छातीचा विद्युत्-रोध बदलतो. त्यावरून शरीराच्या श्रमाचा अंदाज येतो.

ही सोय क्वचित् घातकही ठरते. रुग्णालयातील काही उपकरणे असाच प्रवाह सोडतात. त्यामुळे संवेदक फसून हृदय अकारण वेगाने चालविले जाते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली दिला. २०१७ च्या अखेरीस एका उत्पादकाने याहून गंभीर दोष कळविला. तार व यंत्र यांच्या जोडणीत अधूनमधून खंड पडला, तर संवेदकाचेच संकेत पेसमेकरला हृदयाचे ठोके वाटतात आणि तो प्रेरणा देणे थांबवितो. मग रुग्णास भोवळ येते, प्रसंगी शुद्धही हरपते. यावर उपाय म्हणजे संवेदक बंद करणे. त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही.

यातून एक तत्त्व निष्पन्न होते. सोय दुय्यम, प्राणरक्षण प्रथम. संकेतांविषयी शंका येताच दुय्यम संवेदक आपोआप बंद व्हावा आणि मुख्य काम अखंड चालावे, अशीच यंत्राची रचना हवी. ज्याचे जीवन सर्वस्वी पेसमेकरवर अवलंबून आहे, त्यास संवेदकाची खरोखर गरज आहे काय, हे डॉक्टरांनी तपासावे. आपल्या यंत्रात कोणता संवेदक चालू आहे, हे जाणण्याचा रुग्णास अधिकार आहे.

वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेण्याची राष्ट्रीय योजना भारतात २०१५ साली सुरू झाली. तिचा उपयोग नोंदी होतील तेवढाच. म्हणून पेसमेकर असलेल्या माणसास भोवळ आली, तर अशक्तपणा समजून स्वस्थ बसू नये. यंत्राची तपासणी करवून घ्यावी. एका रुग्णाची नोंद दुसऱ्याचे प्राण वाचवू शकते.