पाळीव पाल आणि श्रावकाचे घर

अलीकडे काही श्रावक कुटुंबांत एक नवा प्रश्न उपस्थित होऊ लागला आहे. नातवंडांपैकी कुणी अमेरिकेत वा इंग्लंडमध्ये शिकते, तेथील मित्राच्या घरी काचेच्या पेटीतील ठिपकेदार पाल पाहते आणि तशीच पाल आपल्यालाही हवी असा हट्ट धरते. पुण्या-मुंबईतील मुलांनाही आता या प्राण्याची ओळख झाली आहे. लेपर्ड गेको हे त्याचे प्रचलित नाव. तो शांत असतो, हातावर बसतो, आवाज करीत नाही आणि जागाही थोडी व्यापतो. आई-वडिलांना त्यात वावगे काही दिसत नाही. प्रश्न उभा राहतो तो त्याच्या आहाराचा.

लेपर्ड गेको मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ प्रदेशातील. तो पूर्णतः कीटकभक्षी आहे. भाजी, फळ, धान्य यांपैकी काहीही त्याला पचत नाही. हलणारे भक्ष्य दिसले तरच तो सहसा तोंड उघडतो, म्हणून त्याला जिवंत रातकिडे, झुरळांच्या काही जाती किंवा मीलवर्म दिले जातात. मीलवर्म म्हणजे साठवणीच्या पिठात व धान्यात वाढणाऱ्या एका भुंगेऱ्याची अळी. धान्याच्या व्यापाऱ्यांना या कुळाचा परिचय वेगळा करून द्यावयास नको.

हे अन्न सुरक्षितपणे देण्याचेही एक शास्त्र आहे. कीटक पालीच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा, अन्यथा तो घशात अडकण्याचा वा न पचण्याचा धोका असतो. भरविण्यापूर्वी कीटकांना एक-दोन दिवस गाजर, पालेभाजी असा सकस आहार द्यावा लागतो. त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी भुरभुरावी लागते, कारण कॅल्शियम व ड-३ जीवनसत्त्व कमी पडल्यास पालीची हाडे मऊ होऊन वाकतात. पेटीची एक बाजू उबदार ठेवावी लागते, नाहीतर अन्न पचत नाही. उरलेले रातकिडे पेटीत ठेवल्यास ते पालीलाच चावे घेतात. अंगणातून पकडलेले कीटक देऊ नयेत, कारण त्यांच्या अंगी कीटकनाशक वा परजीवी असू शकतात. काजवे तर मुळीच देऊ नयेत. काही जातींच्या काजव्यांतील विषाने सरडे दगावल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

आता हिशेब मांडावा. प्रौढ पालीला आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सहा कीटक दिले, तर आठवड्याला १८ आणि वर्षाला ९३६ होतात. ही पाल चांगल्या निगराणीत १५ वर्षे सहज जगते. म्हणजे एका पाळीव प्राण्याच्या आयुष्यात सुमारे १४,००० जीव त्या घराच्या हातून मृत्यूच्या तोंडी दिले जातात. शिवाय लहान पालीला रोज अन्न लागते, ते या हिशेबात धरलेले नाही.

येथे कुणी विचारील, भिंतीवरची पाल दिव्याखालचे कीटक टिपते, त्याचे काय? ती आपल्या स्वभावानुसार जगते. घरमालकाने तिला आणलेले नसते आणि कीटकही विकत घेतलेले नसतात. पाळलेल्या पालीच्या बाबतीत मात्र कीटक मागविणारा, पोसणारा आणि पेटीत सोडणारा मनुष्यच असतो. संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी या चार प्रकारांत ही हिंसा कोठे बसते, हे श्रावकाला वेगळे सांगावे लागत नाही. कीटक तीन वा चार इंद्रियांचे असले तरी ते त्रस जीव आहेत, आणि त्रस जीवांची संकल्पी हिंसा टाळणे हा अहिंसाणुव्रताचा पाया आहे.

मात्र प्रश्न एवढ्यावर संपत नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध, वध, छेद व अतिभारारोपण यांच्याबरोबर अन्नपाननिरोध हाही आहे. पाल घरात आणली आणि नंतर मन कचरले म्हणून तिला उपाशी ठेवले, तर तो पंचेंद्रिय जीव झिजून मरतो. शेपटीत साठविलेल्या चरबीवर ती काही काळ तग धरते, म्हणून तिची उपासमार चटकन लक्षातही येत नाही. तिला बागेत सोडून देणे ही दया नव्हे. परक्या हवामानात ती बहुधा मरते. दुसऱ्याच्या हवाली केली तरी कीटक मरावयाचे ते मरतातच, आणि कारित व अनुमोदनेचा विचार उरतोच. तरीही निगा ठाऊक असलेल्या व्यक्तीकडे किंवा प्राणी-बचाव संस्थेकडे तिला सोपविणे, आणि तोवर तिचे अन्न न तोडणे, हाच त्यातल्या त्यात कमी दोषाचा मार्ग दिसतो. अशा प्रसंगी साधू-साध्वींचे मार्गदर्शन अवश्य घ्यावे.

न्यू कॅलेडोनिया बेटांवरील क्रेस्टेड गेको हा पर्यायही सुचविला जातो. नामशेष मानलेली ही जात १९९४ साली पुन्हा आढळली. ती फळांचा गर खाते आणि पाण्यात कालविलेल्या तयार भुकटीवर जगू शकते. परंतु काही भुकट्यांत कीटकांचेच पीठ असते, म्हणून घटकांची यादी वाचल्यावाचून विश्वास ठेवू नये. बंधाचा दोष तर येथेही टळत नाही.

व्यापारी बंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. श्वेतांबर परंपरेतील पंधरा कर्मादानांत असतीपोषणाचा निषेध आहे; हिंसक प्राणी पोसून त्यांवर उपजीविका करणे त्यात येते. पाळीव प्राण्यांच्या दुकानात भांडवल गुंतविताना जिवंत कीटकांची विक्री हा त्या धंद्याचा भाग आहे काय, हे आधीच विचारून घ्यावे.

आपल्या पूर्वजांची दृष्टी या बाबतीत किती सूक्ष्म होती! गुजरातेतील काही पांजरपोळांत जीवातखाना असे; कीड लागलेले धान्य तेथे ठेवून त्यातील सोंडे-टोक्यांनाही आश्रय दिला जाई. मुंबईची पांजरपोळ १८३४ पासून चालत आली आहे. मुलाला प्राण्याचा लळा असेल, तर ती दया आहे आणि तिला नाकारू नये. त्याला सुटीच्या दिवशी पांजरपोळीत न्यावे, एखाद्या वासराचा चारा त्याच्या खाऊच्या पैशांतून देऊ द्यावा, उन्हाळ्यात गच्चीवर पक्ष्यांसाठी पाणी ठेवण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. पाल का आणावयाची नाही हेही त्याला वरील आकड्यांसह सांगावे. मुलांना हिशेब लवकर कळतो, आणि हा निर्णय दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच व्हावयास हवा.