जिभेचा निग्रह

मद्याचें नांव वाचून घरांतील वडीलधाऱ्यांनीं अंक मिटूं नये. इंग्लंडच्या जॅन्सिस रॉबिन्सनबाईंनीं ऑक्सफर्ड येथें गणित व तत्त्वज्ञान यांचें अध्ययन करून १९७५ सालीं द्राक्षमद्यावर लेखन आरंभिलें. १९८४ सालीं 'मास्टर ऑफ वाइन' ही कठीण परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. मद्यव्यापाराबाहेरच्या कोणासही तोंवर हें साधलें नव्हतें. पुढें 'फायनॅन्शियल टाइम्स' पत्रांत त्या सदर लिहूं लागल्या.

या व्यवसायाची रीत मात्र ध्यानांत घेण्याजोगी आहे. एका बैठकींत अनेक नमुने पारखावयाचे, म्हणून घोट तोंडांत घोळवून थुंकून टाकावयाचा. गिळणाऱ्याची पारख बैठक आटोपण्यापूर्वींच आटोपेल! जो विकीत नाहीं आणि झिंगत नाहीं, त्याच्याच निवाड्याला किंमत. रसज्ञतेचें मूळ निग्रहांत आहे, हें आमच्या सोंवळ्या घरांनाही पटेल.