हरिश्चंद्रगडावरचें पाणी

शिरूरहून निघोज फार दूर नाहीं. कुकडी नदीच्या पात्रांत तेथें जे रांजणखळगे आहेत, ते दाखविण्यास पाहुण्यांना घेऊन जाण्याचा आमच्या घरचा परिपाठ जुना आहे. पाण्यानें आणि पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या गोट्यांनीं काळ्या खडकांत पाडलेले ते खोल, गुळगुळीत रांजण कितीही वेळां पाहिले, तरी कांठावरून आंत डोकावल्याशिवाय माणूस राहत नाहीं. गेल्या दिवाळींत दौंडच्या आत्या आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना घेऊन तेथें गेलों असतां धाकट्या पुतणीनें विचारलें, "हें पाणी येतें कुठून?" आम्हीं धरणांचीं नांवें सांगावयास आरंभ केला. येडगांव, माणिकडोह, पिंपळगांव जोगे इतकें होतें न होतें तोंच ती म्हणाली, "पण धरणाच्या आधीं?"

आधींचें उत्तर आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होतें. कुकडी उगवते जुन्नर तालुक्यांत, कुकडेश्वराच्या देवळापाशीं. तिला मिळणारी पुष्पावती येते हरिश्चंद्रगडाच्या दक्षिण अंगावरून. मग कुकडी शिरूर तालुक्यांत घोडनदीला मिळते आणि घोड दौंडच्या परिसरांत भीमेला. आमच्या शिरूर-दौंडकडे वर्षाकांठीं पाऊस पडतो वीस इंचांच्या आसपास. सह्याद्रीच्या माथ्यावर तो शंभर इंचांच्याही वर जातो. तेव्हां आमच्या नद्यांतून वाहतें तें पुष्कळसें पाणी आमच्या आभाळांतलें नव्हेच. हें सर्व ऐकून घेऊन आत्या म्हणाल्या, "त्या गडावर सप्ततीर्थ आहे म्हणतात. मला तें पाहायचं आहे."

आत्यांचें वय अठ्ठावन्न. पंढरीची वारी त्यांनीं दोन वेळां पायीं केलेली. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यांतून, यवत-वरवंडवरून जाते, त्यामुळें त्या घरीं वारीचें अप्रूप लहानपणापासूनचें. परंतु सपाटीवर रोज पांच-सहा कोस चालणें वेगळें आणि डोंगर चढून त्याच दिवशीं उतरणें वेगळें. आमच्या थोरल्या बंधूंनीं गुडघ्यांचा प्रश्न काढला. आत्यांनीं त्यांच्याच गुडघ्यांची चौकशी केली. चर्चा तेथेंच आटोपली.

गडावर जाण्याच्या वाटा अनेक आहेत. पाचनईची सर्वांत सोपी, दोन-अडीच तासांची. कोंकणांतून येणारी नळीची वाट कसलेल्या गिर्यारोहकांनींच घ्यावी. आम्हीं घेतली ती खिरेश्वरहून तोलारखिंडीमार्गें जाणारी. ती लांब आहे; कुटुंबाला घेऊन जाणाऱ्यानें पाचनईच घ्यावी असा सल्ला आम्हांस मिळाला होता व तो शहाणपणाचा होता. पण पुष्पावती खिरेश्वरच्या बाजूची. आपल्या पाण्याच्या मागोमाग जावयाचें तर त्याच वाटेनें, असा आत्यांचा हट्ट.

मार्गशीर्षांतला बुधवार धरला. शनिवार-रविवारीं गडावर तंबूंची इतकी दाटी होते कीं त्याला डोंगर म्हणावें कीं जत्रा हा प्रश्न पडतो. मध्यरात्रीनंतर अडीच वाजतां आठ माणसें दोन गाड्यांतून शिरूरहून निघालों आणि सहाच्या सुमारास खिरेश्वरला पोहोंचलों. पिंपळगांव जोग्याच्या जलाशयावर धुकें पसरलेलें होतें. गांवांतला एक वाटाड्या आधीं सांगून ठेवला होता. प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी असावें असें ठरलेलें, आमच्या मोठ्या पुतण्यानें मात्र एकच बाटली घेतली, कारण "वर तळं आहेच कीं!" या वाक्याची आठवण त्याला पुढें दिवसभर करून देण्यांत आली. आत्या नऊवारी नेसल्या होत्या. ती चढावर सलवारीहून सोईची पडते हें आमच्या सुनांनीं त्या दिवशीं कबूल केलें.

तोलारखिंडीपर्यंतची वाट झाडींतून वर वर जाते. खिंडींत वाघाची आकृति कोरलेला एक दगड आहे. तेथें पाऊण तास उशिरा, आठ वाजतां पोहोंचलों. वाटाड्यानें आत्यांना खिंडीच्या मधोमध उभें केलें आणि सांगितलें कीं, तुमच्या मागचं पाणी खिरेश्वरला उतरतं, पुढचं कोथळ्याला. त्याला तें गांवांपुरतें सांगावयाचें होतें. आम्ही नकाशा पाहिलेला होता, म्हणून पुढें जोडलें: मागचें पाणी भीमेंतून कृष्णेला जातें आणि पुढचें मुळेंतून गोदावरीला. ही मुळा पुण्याची नव्हे. ही अहिल्यानगरची, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याची, जी नेवाशाजवळ प्रवरेला मिळते. दोन नद्यांचीं खोरीं येथें एका हातभर रुंद पायवाटेनें विभागलेलीं आहेत. आत्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "म्हणजे वरचं तीर्थ आपल्याकडे येतच नाहीं?"

नाहीं. हें आम्हांस आधीं ठाऊक असावयास हवें होतें, आणि सत्य सांगावयाचें तर ठाऊक नव्हतें. गडाचा देवळाकडचा सगळा माथा उतरतो उत्तरेकडे. तेथली मंगळगंगा पाचनईच्या बाजूनें मुळेला जाते. पश्चिमेच्या कोंकणकड्यावरून पडेल तें कोंकणांत. आमचें पाणी तें एवढ्या खिंडीच्या अलीकडचें. पुतण्यानें विचारलें, मग परत फिरायचं का? आत्यांनीं उत्तर दिलें नाहीं. त्या खडक चढावयास लागल्या होत्या.

खिंडीच्या वरचा तो खडक हाच या वाटेवरचा कठीण भाग. पायऱ्या खोदलेल्या आहेत, लोखंडी कठडे बसविलेले आहेत, तरीही एका बाजूला दरी आणि तोंडासमोर दगड अशा स्थितींत सुमारें अर्धा तास हातापायांनीं चढावें लागतें. चढतांना भीति वाटत नाहीं. तिची वेळ उतरतांना येते, आणि म्हणूनच हा खडक दिवसाउजेडीं उतरला पाहिजे. येथेंच आम्हीं ठरविलें कीं, देवळाहून दीड वाजतां निघावयाचें, मग कांहीं पाहावयाचें राहो. खडक संपल्यावर वाटतें, आलों. पण पुढें टेकाडामागून टेकाड, मध्यें झाडी, आणि एकसारख्या दिसणाऱ्या वाटा. पुतण्याची बाटली खडकावरच रिकामी झाली होती. आत्यांनीं आपल्यांतलें अर्धें पाणी त्याला न बोलतां दिलें. त्यापेक्षां बोलल्या असत्या तर बरें झालें असतें असें तो म्हणतो.

साडेअकराला देवळाचें शिखर दिसलें.

हिमालयांत उंचावर जीं तळीं आहेत, तीं बहुतेक बर्फानें घडविलेलीं. काश्मीरांत हरमुखाच्या पायथ्याशीं साडेतीन हजार मीटरांवरचें गंगाबल घ्या. हिमनदीनें खडक कोरला, आणि ती मागें हटल्यावर खळग्यांत पाणी राहिलें. आमच्या सह्याद्रीला बर्फ कधीं शिवला नाहीं. येथें शेंकडों इंच पाऊस पडला तरी चार महिन्यांत तो तीनही दिशांना वाहून जातो आणि उन्हाळ्यांत माथा कोरडा ठणठणीत. म्हणून सुमारें चौदाशें मीटर उंचीच्या या डोंगरावर पाणी ठेवावयाचें, तर तें छिन्नीनेंच ठेवावें लागलें. जुन्या कारागिरांनीं भेगा नसलेला अखंड थर निवडला आणि तोंडाच्या मानानें खोल टाकीं खोदलीं. पसरट तलावाचें पाणी ऊन पिऊन टाकतें. खोल टाक्याचें तोंडच लहान, आणि गुहेच्या छपराखालीं असेल तर उन्हाला तेवढीही वाट नाहीं. निघोजला नदीनें गोट्यांनीं जें केलें, तें येथें माणसांनीं हातांनीं केलें, खडक एकच.

हरिश्चंद्रेश्वराचें देऊळ सुमारें सोळा मीटर उंच, सगळें दगडी. चांगदेवांनीं 'तत्त्वसार' येथेंच रचिला असें मानतात. देवळापाशींच्या गुहांतून पिण्याच्या पाण्याचीं टाकीं आहेत. तें पाणी पितांना दांत ठणकले. समोर सप्ततीर्थ पुष्करणी. तिच्या एका कांठावर देवळ्यांसारखे चौदा कोनाडे आहेत; त्यांतल्या विष्णुमूर्ती आतां जवळच्या गुहेंत हलविलेल्या आहेत. हिरवट, स्थिर पाणी, पायऱ्या, आणि आजूबाजूला एक अक्षर बोलावेंसें वाटूं नये अशी शांतता.

त्या शांततेंत आमच्या पुतण्यानें पिशवींतून साबण काढला.

त्यांत त्याचा अपराध एकट्याचा नव्हे. घामानें सगळे चिंब झाले होते, आणि तीर्थांत स्नान करावयाचें हें आम्हीच निघतांना बोललों होतों. पंचे आम्हीच बांधून घेतले होते. जवळच्या झोपडींत पिठलें-भाकरी रांधणारी पाचनईची एक बाई धुणें वाळत घालीत होती. ती तेथूनच म्हणाली, "दादा, हे पाणी वाहत नाही. तुम्ही टाकाल ते पावसाळ्यापर्यंत इथंच राहतं. मग आमच्या गावात येतं." आवाज चढलेला नव्हता. साबण परत पिशवींत गेला.

आत्या पायरीवर बसून होत्या. दौंडच्या घरीं भीमेविषयीं जें बोललें जातें, तें आम्ही वर्षानुवर्षें ऐकत आलों आहों: पुण्याची घाण मुळा-मुठेंतून येते, रांजणगांव सांडसला भीमेला मिळते, आणि दौंडच्या घाटावर फेंस होऊन तरंगते. त्यांचे यजमान हयात असतां रोज नदीवर संध्या करीत. त्यांना तें सोडावें लागलें. पुणेकरांना तोंड भरून नांवें ठेवणें हा त्या घरचा नित्यनेम आहे, आणि तो अगदीं न्याय्य आहे. आत्या एवढेंच म्हणाल्या, "हिच्या लेखीं आपणच पुण्याचे." मग भाकरी मागविली.

तेथून खालीं केदारेश्वराच्या गुहेंत गेलों. मधोमध मोठें शिवलिंग, त्याभोंवतीं कमरेइतकें बर्फासारखें पाणी. चार खांबांपैकीं एकच अखंड आहे आणि तो मोडला कीं कलियुग संपेल असें म्हणतात. पाण्यांतूनच प्रदक्षिणा घालितात. धाकटी पुतणी आणि आत्या, दोघीच उतरल्या. बाहेर आल्या तेव्हां ओठ निळे पडले होते आणि दोघींना हंसू आवरत नव्हतें. आत्यांनीं तांब्याची एक लहानशी लोटी भरून घेतली.

एक वाजला होता. कोंकणकडा तेथून पाऊण तासावर. आंत वळलेला तो अजस्र कडा पाहावयाचा, खालच्या ढगांवर आपलीच सावली रंगीत कड्यांत दिसते तें इंद्रवज्र साधलें तर पाहावयाचें, म्हणून तर तरुण मंडळी आलेली. इतक्या लांब येऊन तो न पाहतां जाणें त्यांना पाप वाटलें. वाद झाला. थोरल्या बंधूंनीं, ज्यांच्या गुडघ्यांविषयीं पूर्वीं बोलणें झालें होतें, खडकाची आठवण दिली. पुतण्या म्हणाला, आम्ही धांवत जाऊन येतों. वाटाड्यानें आभाळाकडे न पाहतां आत्यांच्या पायांकडे पाहिलें. दीडला परत निघालों. पुतण्या अजून तें विसरलेला नाहीं, आणि आम्ही त्याला दोष देत नाहीं.

खडकाशीं पोहोंचलों तेव्हां चार वाजले होते. उतरतांना आत्यांचे पाय थरथरूं लागले. वाटाड्या पुढें, पुतण्या मागें, आणि एकेका खांचेंत तो आपल्या हातानें आत्यांचें पाऊल नेऊन ठेवी. अर्ध्या तासाच्या जागीं तास लागला. खालच्या झाडींत अंधार दाटला. शेवटचा टप्पा विजेऱ्यांच्या उजेडांत गेला आणि खिरेश्वरला पावणेसात वाजले. कड्यावर गेलों असतों तर खडकावरच रात्र झाली असती, हें गाडींत बसल्यावर पुतण्यानें आपण होऊन म्हटलें.

लोटी दौंडला गेली. आत्यांचा विचार तें पाणी भीमेंत सोडावयाचा होता. धाकट्या पुतणीनें फोनवर आक्षेप घेतला कीं, तें गोदावरीचें पाणी आहे, भीमेंत कसें चालेल? त्यावर दौंडच्या घरीं दोन पक्ष पडले आहेत. लोटी तूर्त देवघरांत आहे.