हलक्या जमिनीवर कुरण उभे करताना

गवत पेरावे लागते, ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना अद्याप नवलाची वाटते. पाऊस पडला की माळ आपोआप हिरवा होतो, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. परंतु भर पावसाळ्यात आपल्या गावच्या गायरानात जाऊन ती हिरवळ कशाची आहे, हे वाचकांनी एकदा निरखून पाहावे. बहुतेक ठिकाणी टाकळा, गुरांच्या तोंडाला टोचणारे कुसळी गवत आणि पाऊस सरताच वाळणारे बारीक तृण एवढेच आढळेल. कसदार गवते गुरे आधी निवडून खातात. पुन्हा पुन्हा खुडली गेल्याने त्यांच्या मुळांतील साठा संपतो व ती मरतात. मग माती धुपून जाते आणि खालचा मुरूम उघडा पडतो.

अशा जमिनीवर पुन्हा कुरण उभे करता येते. झाशी येथे १९६२ साली स्थापन झालेल्या चारा संशोधन संस्थेत आणि जोधपूरच्या मरुक्षेत्र संशोधन संस्थेत या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. प्रथम जमिनीप्रमाणे गवत निवडावे. रेताड व हलक्या जमिनीला अंजन, जैसलमेरसारख्या अत्यंत कोरड्या वालुकामय प्रदेशाला सेवण, मुरमाड उताराला पवना, आणि ओल धरणाऱ्या जरा भारी जमिनीला मारवेल मानवते.

उताराची सगळी जमीन नांगरू नये; पहिल्याच वळवात ती वाहून जाईल. उताराला आडवे उथळ चर काढावेत आणि त्यांना समांतर, दीड-दोन हातांच्या अंतराने, फक्त पेरणीच्या ओळी भुसभुशीत कराव्यात. अंजनाचे बी केसाळ व हलके असते; ते वाऱ्याने उडते व एकमेकांना चिकटते. म्हणून ते ओलसर मातीत कालवून पेरावे. हेक्टरी चार ते सहा किलो बी पुरते. ताजे बी नीट उगवत नाही, मागील वर्षीचे चांगले उगवते. ते एका सेंटिमीटरहून खोल गाडू नये. गवताची पेरणी फसण्याचे हे एक मोठे कारण आहे.

गवताच्या जोडीला स्टायलोसारखी द्विदल वनस्पती अवश्य पेरावी. तिच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात व चाराही अधिक पौष्टिक होतो. तिच्या बियांचे कवच कठीण असते. ते मऊ पडावे म्हणून बी कढत, परंतु उकळते नव्हे, अशा पाण्यात काही मिनिटे बुडवून घ्यावे. हलक्या जमिनीत स्फुरदाची उणीव असल्यास ते खत द्यावे.

यानंतरचा भाग सर्वांत कठीण होय. पहिल्या वर्षी या रानात एकही जनावर सोडू नये. रोप आधी मुळे रोवत असते. गुराने हिसका दिला की ते समूळ उपटते. बी पिकून गळाल्यावर चार-सहा बोटे बुडखा राखून गवत कापावे. चराई पुढील वर्षापासून, तीही आळीपाळीने करावी.

पण ज्या घरी दोन शेळ्यांवाचून दुसरे साधन नाही, त्या घराने हे वर्ष कसे काढावे? चराईबंदीचे पुष्कळ ठराव याच प्रश्नापाशी अडतात. शिवालिकच्या पायथ्याशी, आजच्या हरियाणातील सुखोमाजरी गावाने त्याचे उत्तर शोधले. चंडीगडचे सुखना सरोवर १९५८ साली बांधले गेले आणि लौकरच गाळाने भरू लागले. गाळाचा माग काढीत शास्त्रज्ञ या गावाच्या उघड्या डोंगरांपर्यंत पोहोचले. १९७०-८० च्या दशकात तेथे मातीचे बांध घालून पाणी अडविले गेले. परंतु ज्यांना शेतच नाही, त्यांना त्या पाण्याचा काय लाभ? तेव्हा भूमिहीनांसह प्रत्येक घराला पाण्याचा सारखा वाटा मिळावा, असे ठरले. ज्याला वाटा नको असेल, त्याने तो दुसऱ्यास विकावा. मग कुंपण वा पहारेकरी नसताही गावाने डोंगरावर गुरे सोडणे थांबविले. उतारावर भाबर व इतर गवत माजले, शेळ्या कमी झाल्या आणि गोठ्यांत म्हशी वाढल्या.

आपल्या गावी असा बांध नसेलही. तरी गायरानाचे चार भाग करून दरवर्षी एकच बंद ठेवता येईल, आणि त्यातील कापलेल्या गवताचे भारे प्रत्येक घराला सारखे वाटता येतील. मात्र हा वाटा कोणाला किती, हे ज्येष्ठात, बी पेरण्यापूर्वी, सर्वांसमक्ष ठरवून घ्यावे. ज्याची एकच शेळी आहे, त्याला त्या बैठकीस आग्रहाने बोलवावे. कुरणाची राखण अखेर त्याच्याच संमतीवर अवलंबून आहे.