'मोठ्या मनाने स्वीकारलं' म्हणजे काय?

'तिने त्याला स्वीकारलं, केवढं मोठं मन!' ट्रान्स व्यक्तीच्या जोडीदाराबद्दल पुरोगामी मंडळीही असेच बोलतात. म्हणजे एक दाता, दुसरा याचक. ही भाषा आपल्या ओळखीची आहे. आंतरजातीय लग्नात 'आम्ही तुला घरात घेतलं' हे दलित सुनेला ऐकवतात ते याच भाषेत.

पण त्या घरात राबते कोण? आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली हवाई सुंदरींच्या नोकरीवरून 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली. पगारासाठी हसतमुख राहणे हेही कामच! घरातल्या अशा कामाला मात्र पगार नाही, नावही नाही. ट्रान्स बाईने जोडीदाराला आपले शरीर समजावून सांगायचे, त्याच्या आईचा फोन आला की गप्प बसायचे, त्याला लोकांची लाज वाटली की समजूतही त्याचीच काढायची. मराठीत तर क्रियापदालाही लिंग चिकटलेले. 'आला' की 'आली', हे नॉनबायनरी माणसाने रोज सांगायचे आणि वर 'किती चिडतोस' हेही ऐकायचे.

उलटही घडते. ट्रान्स पुरुषाचे पुरुषपण जपताना त्याची जोडीदारीण स्वतःचे दुखणे गिळते, कारण सांभाळून घेणे बाईचेच काम समजले जाते. ट्रान्स असले म्हणून पुरुषसत्तेतून कुणी आपोआप सुटत नाही.

मुद्दा स्वभावाचा नाही, सत्तेचा आहे. ज्याला जायला दुसरे घर नाही, तोच दरवेळी नमते घेतो. २०१९ साली कायदा करताना सरकारने कुटुंब म्हणजे रक्ताचे, लग्नाचे वा दत्तकाचे नाते एवढेच धरले. गुरू-चेल्याचे घर त्यात बसले नाही. ट्रान्स व्यक्तीच्या लैंगिक छळाला कमाल शिक्षा ठेवली २ वर्षे! माहेर तुटलेले, कायदा तोकडा, त्यात जात दलित असेल तर भाड्याची खोली मिळणेही मुश्कील. मग नाते टिकवण्याचा सगळा भार कुणावर पडणार?

जात श्रमिकांचीच उतरंड रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. प्रेमातही तीच उतरंड चालत असेल, तर त्याला त्याग म्हणून गौरवू नका.

जोडीदाराने स्वतः वाचावे, स्वतःच्या आईशी स्वतः बोलावे. आणि चळवळीने जयंतीची वर्गणी घेताना दोघांची घेतली असेल, तर कार्यक्रमालाही दोघांना जोडपे म्हणूनच बोलवावे. मैत्री बरोबरीत होते. उपकारात होते ती मेहेरबानी.

जयभीम!